तुमचे प्रश्न: ग्रीन घरात इंजिनिअरचं काय काम?

प्रश्न: ताई, मी मिरजेचा. सिव्हिल झालंय, आता एन्व्हायर्नमेंटलमध्ये एमटेक करतोय. सस्टेनेबल घरांचं काम करायचंय पण घरचे म्हणतात एमपीएससी दे, मित्र म्हणतात ते आर्किटेक्टचं काम, तू काय करणार तिथं. आपल्या सांगलीत यावर पोट भरेल का? आणि आयजीबीसीची (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची) परीक्षा आधी देऊ का?

उत्तर: मित्रांचं अर्धं बरोबर आहे. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, त्यामुळे प्लॅन-एलिव्हेशन त्यांच्याकडेच राहू दे. पण वापरलेलं पाणी जातं कुठं हे आपल्याकडं बंगला बांधताना बहुतेक वेळा प्लंबरच ठरवतो, आणि तुझी जागा नेमकी तिथं आहे.

२०१९ नि २०२१ चा पूर तू बघितलायसच. सखल भागात पाणी उंबऱ्याशी यायच्या आधीच ड्रेनेजमधून उलटं फिरून खालच्या संडासातून वर येऊ शकतं. म्हणून बाहेर जाणाऱ्या लाईनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पिण्याच्या टाकीचं झाकण पुराच्या खुणेच्या वर, मीटर नि पंप वरच्या मजल्यावर, हे सगळं ड्रॉइंगमध्येच यायला पाहिजे. आणि पूर यायच्या आधी जमिनीतली टाकी रिकामी करून ठेवायची नाही, कारण खालून पाण्याचा दाब आला की रिकामी टाकी वर उचलली जाते. मातीच्या कच्च्या, न भाजलेल्या विटांचं घर फोटोत लई भारी दिसतं, पण पूररेषेच्या आत कुणी मागितलं तर सरळ नको म्हणून सांग.

शोषखड्ड्याचंही तसंच. काळ्या मातीत खणला की तो तुंबणारच, खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं, म्हणून आधी खड्डा घेऊन पाणी किती वेळात जिरतं ते बघायचं आणि मगच मालकाला शब्द द्यायचा. जत-आटपाडीकडं तर प्रश्नच उलटा, तिथं साठवण महत्त्वाची. १००० चौरस फुटांच्या स्लॅबवर १०० मिमी पाऊस पडला तर साधारण ९३०० लिटर पाणी होतं, थोडं वाया जाणार धरूनही टाकीचा हिशोब यावरूनच निघतो.

आयजीबीसीच्या परीक्षेची घाई नको. इको निवास संहिता २०१८ वाच, भिंती-खिडक्यांतून घरात उष्णता किती येते याचं गणित त्यात आहे. आणि पहिली एक-दोन वर्षं पुण्या-कोल्हापुरात एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचे प्लँट) करणाऱ्या कन्सल्टंटकडं काढ, पगार बेताचाच मिळेल पण साईटवर हात बसतो. एमपीएससीचा फॉर्म भरायचा तर भर की, घरचेही शांत राहतील.

पोटाचं म्हणशील तर नुसत्या बंगल्यांवर सुरुवातीला भागणार नाही. घरमालक या कामाला वेगळे पैसे द्यायला कुरकुरतो, म्हणून सांगली-मिरजेतल्या दोन-चार आर्किटेक्टना आत्ताच भेटून ठेव, त्यांच्या फीमध्येच तुझा भाग धरला तर काम सोपं होतं. पाहुण्यांच्या घराचं काम आलं तरी फी आधी बोलून घे.