वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या कॅम्परव्हॅनचं सर्व्हिसिंग किती दिवसांनी करावं?

तुमचा प्रश्न असा आहे की गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते आणि पुस्तिकेत सर्व्हिसिंगचा आकडा वीस हजारांचा दिलाय, तर मग पाच-सहा वर्षं गॅरेजचं तोंड बघितलं नाही तरी चालेल का?

नाही चालणार. पुस्तिकेतली तीच ओळ पुन्हा वाचा. किलोमीटरच्या शेजारी महिने किंवा वर्षंही दिलेली असतात आणि 'यांपैकी जे आधी होईल ते' असंही लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीत दरवेळी मुदतच आधी भरणार. त्यामुळे मीटरचं रीडिंग विसरा आणि तारखा बघा. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करायचंच, फक्त दरवर्षी सगळंच बदलायची गरज नसते.

मी अशा गाड्यांची कामं करतो. मालवाहू व्हॅन आणि तिच्याच चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) बांधलेलं मोटरहोम, म्हणजे तुमच्या कॅम्परव्हॅनसारखी राहण्याची सोय असलेली गाडी, यांचं इंजिन सारखंच असतं, पण दोघांची दुखणी निराळी. मालवाहू व्हॅन धावून झिजते. मोटरहोमचं रबर उभ्या जागी वाळतं, लोखंड गंजतं आणि ऑइल पाणी धरतं.

सुरुवात इंजिन ऑइलपासून. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. त्यातली थोडी, आणि थोडं न जळलेलं इंधन, पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात ऑइल कडक तापतं आणि हे पाणी उडून जातं. जवळच्या जवळ फेरी मारली की ते आतच राहतं, ऑइलमध्ये आम्ल तयार होतं आणि ते बेअरिंगांवर महिनोन्‌महिने बसून राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूने बघा. तिथे लोण्यासारखा पिवळट थर दिसला तर गाडी पुरेशी तापत नाही असं समजा. मात्र तोच थर डिपस्टिकवर असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सील) लगेच तपासून घ्या. ऑइल आणि फिल्टर दरवर्षी बदला, आणि शक्यतो गाडी लांबलचक मुदतीसाठी उभी करण्याच्या आधी बदला. बरेच जण हंगाम सुरू होताना बदलतात. त्याने जुनं ऑइल नेमकं नको त्या काळात इंजिनात पडून राहतं.

आता एक सवय मोडायला सांगतो, कारण ती जवळपास प्रत्येकाला असते: दर आठवड्याला गाडी पाच मिनिटं सुरू ठेवायची आणि बंद करायची. यात इंजिन तापत नाही, वर सांगितलेलं पाणी मात्र जमत जातं. सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेला करंटही तेवढ्या वेळात भरून निघत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी रस्त्यावर काढा आणि अर्धा-पाऊण तास चांगली पळवा. ब्रेकच्या डिस्कवरचा गंज घासला जातो, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत, गिअरबॉक्समधलं ऑइल फिरतं. एसीही थोडा वेळ लावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलना तेल मिळत राहतं. ते जमणार नसेल तर गाडी अजिबात सुरू न करता बॅटरीला मेंटेनन्स चार्जर (बॅटरी कायम भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवलेला बरा. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती पूर्ण चार्ज होत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना साधारण 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, 12.4 च्या खाली गेली की लगेच चार्जिंगला लावा. गाडीतल्या घराच्या, म्हणजे राहण्याच्या भागाची बॅटरी वेगळी असते, ती लेड-ॲसिड असेल तर तिलाही हाच नियम.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, यात कसलीही सूट नाही. ते हवेतली ओल शोषून घेतं, गाडी चालो वा न चालो. नव्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की तो 155 पर्यंत उतरू शकतो. तुमची गाडी जड आहे. लांब घाट उतरताना ब्रेक तापले आणि हे ऑइल उकळलं, तर वाफ दाबली जाते, पॅडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही.

टायरच्या बाबतीत नक्षीवर जाऊ नका, ती तुमच्या गाडीवर कधी झिजणारच नाही. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच वर्षं उलटली की दरवर्षी टायर नीट तपासून घ्या, आणि दहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी काढून टाका. मोटरहोममध्ये कपाटं, पलंग, पाण्याच्या टाक्या कायम असतात, त्यामुळे उभ्या गाडीतही टायरवर पूर्ण भार असतो. बाजूच्या भिंतीवर, रिमच्या जवळ, बारीक चिरा शोधा. टायरच्या बाहेरच्या बाजूइतकीच आतली बाजूही बघा, तिथे सहसा कुणी डोकावत नाही. स्टेपनीची तारीखही वाचा.

वाचवता येतं तेही सांगतो. एअर फिल्टर आणि पेट्रोल इंजिन असेल तर स्पार्क प्लग दरवर्षी बदलायचं कारण नाही. फिल्टर काढून बघा, उंदरांनी घरटं केलेलं नसेल आणि तो स्वच्छ असेल तर परत बसवा. गिअरबॉक्स ऑइल आणि कूलंट पुस्तिकेतल्या मुदतीनुसार. डिझेल इंजिन असेल तर डिझेल फिल्टरमधलं पाणी मात्र दरवर्षी काढा. गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो महिनोन्‌महिने ओढलेला राहिला की चिकटतो. सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.

घराच्या भागाची तपासणी वर्षातून एकदा वेगळी करून घ्या. इंजिनवाला मेकॅनिक सहसा ती करत नाही. गॅसची रबरी नळी तिच्यावर छापलेल्या मुदतीत आहे ना, सांध्यांमधून गळती नाही ना, आणि खिडक्या-छताच्या कडांना ओल शिरत नाही ना, हे बघायचं. ओल मीटरने मोजतात, कारण हाताला कळेपर्यंत आतलं लाकूड कुजलेलं असतं. मला विचाराल तर इंजिनापेक्षा जास्त मोटरहोम या ओलीने जातात.

टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, मुद्दाम शेवटी ठेवला. बेल्टलाही किलोमीटरसोबत वर्षांची मुदत असते आणि ती इंजिनागणिक बदलते, म्हणून तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते, तेही विचारून घ्या. बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. गाडी जुनी घेतलेली असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल तुमच्या हातात नसेल, तर विकणारा काहीही म्हणो, बेल्ट बदललेला नाही असंच धरा आणि पुढच्या लांबच्या प्रवासाआधी ते काम करून घ्या.