संमतिपत्रावरची सही

कोरोनामुळे बंद असलेल्या गावाकडच्या पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एक आई पाचवीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. पर्समध्ये मुलाला शाळेत पाठवायचं संमतिपत्र, चार घड्या घातलेलं. सही करायला तिचा हात धजत नव्हता.

"मॅडम, आम्हा मोठ्यांची लस तरी झाली. ह्याला काही झालं म्हंजे?"

त्या दिवसांत हा प्रश्न मी रोज ऐकत होते. राज्यात मुलांसाठी कृतीदल नेमलं गेलं, वॉर्ड तयार झाले. तयारी योग्यच होती, पण घराघरांत तिचा अर्थ 'आता पोरांची पाळी' असा लागला. तिसरी लाट मुलांवरच येईल असं मानायला आधार नाही, हे बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगत होती. ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

या घराला घाबरायला बातम्यांचीही गरज नव्हती. एप्रिलमध्ये सासूबाई ऑक्सिजनच्या बेडची वाट बघता बघता गेल्या. तेव्हा आणलेला ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, आता मुलाच्या बोटाला लागायचा, दिवसातून पाच-सहा वेळा. एका रात्री ८९ दिसले. तशीच गाडी काढून तालुक्याला पळाले, तर तिथे ९८. मोठ्यांचं यंत्र लहानशा, गार बोटावर नीट बसत नाही, आकडा फसवतो. पण हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मी सांगितलं ते असं. बहुतेक मुलांना ताप, खोकला, घसादुखी, कधी जुलाब-उलट्या होतात आणि काही दिवसांत ती बरी होतात. पुष्कळांना तर काहीच जाणवत नाही. मुलांच्या नाकातलं अस्तर विषाणूवर लवकर तुटून पडतं, हे त्यामागचं एक कारण. 'काहीच होत नाही' असं मात्र मी म्हणत नाही. तान्ही बाळं, हृदयाचा आजार किंवा फार लठ्ठपणा असलेली मुलं यांना जपावंच लागतं. क्वचित एखाद्या मुलाला संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा सणसणून ताप येतो, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ उठतं, पोट दुखतं. तेव्हा घरी थांबायचं नाही. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं त्यातूनही बरी होतात.

मग मी माझा हुकमी आकडा काढला. जून-जुलैमध्ये देशभर रक्त तपासलं, तेव्हा सहा ते सतरा वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांत प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, सापडली. शाळा बंद, मुलांना लस नाही, तरीही. म्हणजे संसर्ग येऊन गेला आणि बहुतेक घरांना पत्ताही लागला नाही. "ह्यालाही होऊन गेला असेल कदाचित," मी म्हणाले.

आईचा चेहरा जरा सैल झाला. कोपऱ्यात नखं कुरतडत बसलेला मुलगा म्हणाला, "म्हंजे आजीला माझ्यामुळंच झाला."

किती घरांत मी तो आकडा दिलासा म्हणून वापरला होता! मूल खोलीत बसलंय, ऐकतंय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या वेळी मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. तो आजीच्या कुशीत झोपायचा, तिच्याच ताटात जेवायचा. शाळेत जायला त्याचाही पाय निघत नव्हता, कारण "मी आणला तर आता आईला होईल". आई त्याच्यासाठी भीत होती, तो आईसाठी, आणि घरात कुणी बोलत नव्हतं.

'तुझ्यामुळे नाही रे' म्हणणं सोपं होतं. पण ते मला ठाऊक नव्हतं, आणि दहा वर्षांच्या मुलाला खोटं लगेच कळतं. म्हणून आई-बाबांनाही बोलावलं आणि एप्रिलमध्ये कोण कुठे गेलं होतं ते कागदावर लिहायला घेतलं. बाबा रोज डेअरीवर दूध घालायला. आई बाजारात. आजी रेशनला, शेजारच्या बारशाला. मुलाने मोजल्या, विषाणू घरात यायच्या अकरा वाटा. लिहिता लिहिता बाबा थांबले. "मला तर वाटतंय मीच आणला. डेअरीवर दोघं खोकत होते." आईने मान वर केली. तिला बाजाराचा दिवस छळत होता. तिघांनीही आपापल्या मनात स्वतःला दोषी धरलं होतं. ते तिघं आजीसाठी एकत्र रडले ते त्या दिवशी, सहा महिन्यांनी. मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाही.

निघताना आईला एवढंच सांगितलं: आजारी पडला तर यंत्राआधी पोराकडे बघायचं. पाणी पितोय का, लघवी होतेय का, ताप उतरला की खेळतोय का. शांत असताना मिनिटाला तीसच्या वर श्वास, छाती आत ओढली जाणं, गुंगी, निळसर ओठ, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना.

सही दिवाळीनंतर झाली. डिसेंबरात तिचा फोन आला. मुलाला दोन दिवस ताप होता, आता उतरलाय, अंगणात गोट्या खेळतोय.

"आणि ऑक्सिमीटर?"

"त्याचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटात घातले, मॅडम."