वाचक विचारतात : एका मानक ताऱ्यावर भागेल का?

प्रश्न : नव्या पोलॅरिमीटरने (प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याची कंपने एका दिशेला किती झुकली आहेत आणि ती दिशा कोणत्या कोनात आहे, हे मोजणाऱ्या उपकरणाने) एचडी २०४८२७ हा मानक तारा, म्हणजे ज्याचे ध्रुवीकरण आधीच मोजून यादीत दिलेले आहे असा तारा, पाहिला. ध्रुवीकरण यादीशी जुळले, कोनाचा शून्यही त्यावरूनच बसवला. एवढे पुरे आहे का?

उत्तर : नाही. ज्या ताऱ्यावर शून्य बसवला, त्याचा कोन जुळणारच! हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरणाची दिशा फिरवणारी चकती) फिरण्याची दिशा आज्ञावलीत उलटी धरली गेली असेल, तर ती चूक एका ताऱ्यावर लपून राहते. म्हणून कोन बराच वेगळा असलेले दोन तारे घ्या. हिवाळ्यात शर्मिष्ठेतला बीडी +५९ ३८९ (व्ही फिल्टरमधली प्रत, म्हणजे तेजाचे माप, ९.१, ध्रुवीकरण ६.७ टक्के, कोन ९८.१ अंश) आणि एचडी २५४४३ (प्रत ६.८, ५.१ टक्के, १३४.२ अंश) ही जोडी उत्तम. पहिल्यावर शून्य बसवून दुसरा १३४ ऐवजी ६२ अंशांवर आला, तर दिशा उलटी आहे.

एचडी २०४८२७ ठळक आहे, ५.३ टक्के ध्रुवीकरणही भरपूर. पण त्याचा कोन निळ्या फिल्टरपासून आय (अवरक्ताजवळच्या) फिल्टरपर्यंत सुमारे २ अंश सरकतो. वाटेतल्या धूळमेघांत कणांची दिशा निरनिराळी असली की असे होते. कोनासाठी तो टाळा.

शून्य ध्रुवीकरणाचे तारे वेगळे लागतात : एचडी १४०६९, एचडी २१४४७. त्यांवर जे दिसते ते उपकरणाचे स्वतःचे ध्रुवीकरण. ते क्यू आणि यू या (ध्रुवीकरणाचे प्रमाण आणि दिशा मिळून सांगणाऱ्या, धन-ऋण दोन्ही होणाऱ्या) घटकांतून वजा करा, टक्केवारीतून कधीही नाही. टक्केवारी ऋण होत नसल्याने गोंगाटही ध्रुवीकरण होऊन बसतो. मग त्यांपैकीच एका ताऱ्यापुढे चांगला पोलरायझर (एकाच दिशेची कंपने जाऊ देणारा फिल्टर) धरा. १०० ऐवजी ९६ टक्के आले, तर पुढची सगळी मापे ०.९६ ने भागायची.

०.१ टक्का अचूकतेसाठी प्लेटच्या ०, २२.५, ४५, ६७.५ अंशांच्या प्रत्येक स्थितीत, उपकरण ताऱ्याच्या ज्या दोन प्रतिमा पाडते त्या मिळून, कॅमेऱ्यात प्रकाशाने निर्माण झालेले किमान ५ लाख इलेक्ट्रॉन हवेत. ठळक तारा पिक्सेल भरून टाकतो. तेव्हा फोकस किंचित सैल करा, मात्र दोन प्रतिमा एकमेकींवर चढू देऊ नका. चंद्रापासून ९० अंशांवरचे आकाश सर्वाधिक ध्रुवित असते, तिथला तारा दुसऱ्या रात्रीसाठी ठेवा.

छापील यादीही डोळे झाकून घेऊ नये. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत बनलेल्या आणि ग्रीसमधल्या क्रीटच्या स्किनाकास वेधशाळेत बसवलेल्या रोबोपोल या पोलॅरिमीटरच्या निरीक्षणांत काही जुने ‘मानक’ तारे बदलते निघाले. दर रात्री निदान तीन ध्रुवित तारे पाहा; एकच फटकून वागला तर त्याला वगळा, तिन्ही एकाच बाजूला सरकले तर प्लेटचा शून्य तपासा.