हायड्रोस्टॅटिक मॉडेलमध्ये डब्ल्यू येतो कुठून, आणि मी काढलेला जुळत का नाही?

तुमचा प्रश्न असा की उभ्या दिशेचं मोमेंटम समीकरण (बलांवरून वेग देणारं) हायड्रोस्टॅटिक मॉडेलने, म्हणजे दाब फक्त वरच्या पाण्याच्या वजनाने येतो असं धरणाऱ्या मॉडेलने, टाकूनच दिलंय तर आउटपुटमध्ये उभा वेग, म्हणजे डब्ल्यू, दिसतो कसा, आणि तुम्ही हाताने काढलेला डब्ल्यू पृष्ठभागाच्या वरखाली होण्याशी का जुळत नाही. मी ऐरोलीला असतो, काम ठाणे खाडीच्या मॉडेलचंच, त्यामुळे उदाहरणं खाडीचीच देतो.

ते उभं समीकरण पूर्ण टाकलेलं नसतं, पण त्यात फक्त दाब आणि पाण्याचं वजन शिल्लक राहतं, त्यातून दाब मिळतो, डब्ल्यू नाही. डब्ल्यू मिळतो कंटिन्युइटीतून (आत आलेलं पाणी कुठेतरी बाहेर जायलाच हवं हा हिशोब), यू आणि व्ही हे दोन आडवे वेग काढून झाल्यावर सगळ्यात शेवटी. समजा २०० मीटरचा सेल (मॉडेलच्या जाळीतला एक चौकोन), १ मीटर जाडीचा थर, डावीकडून ०.५० मीटर प्रति सेकंदाने पाणी आत येतंय आणि उजवीकडून ०.४८ ने बाहेर जातंय, मग उरलेलं वरच जाणार ना, ०.०२ गुणिले १ भागिले २००, म्हणजे सेकंदाला ०.१ मिलिमीटर. तळापासून सुरू करायचं (तळाला उतार असेल तर तिथे शून्य नाही, यू गुणिले तळाचा चढ) आणि एकेक थर बेरीज करत वर यायचं. बस, एवढंच आहे.

आता गंमत बघा. उधाणाच्या भरतीला पाणी ५ मीटर चढतं धरलं तरी चढण्याचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ०.३५ मिलिमीटरच्या आसपास येतो. आणि त्याच २०० मीटरच्या सेलमध्ये, १० मीटर खोलीत, समोरासमोरच्या दोन फेसवरच्या (सेलच्या बाजूंवरच्या) यूच्या फरकात १ सेंटिमीटर प्रति सेकंदाची चूक असली की वरपर्यंत सेकंदाला ०.५ मिलिमीटरचा खोटा डब्ल्यू साचतो, म्हणजे अख्ख्या भरतीपेक्षा जास्त! म्हणून डब्ल्यू वेडावाकडा दिसला की मी डब्ल्यूकडे बघतच नाही, सरळ यू-व्हीकडे जातो.

तुमचं न जुळण्याचं कारण बहुतेक हे असेल: तुम्ही सेलच्या मध्यावर इंटरपोलेट केलेले आणि तासाची सरासरी काढलेले वेग वापरताय. मॉडेल हा हिशोब सेलच्या फेसवरच्या फ्लक्सने (वेग गुणिले थराची जाडी) करतं, शिवाय भरती-ओहोटीत थराची जाडी सारखी बदलते, त्यामुळे सरासरी वेग गुणिले सरासरी जाडी हे काही सरासरी फ्लक्स नव्हे. फ्लक्सच सेव्ह करा. उरलेला फरक थरांत वाटून जुळवून टाकायचा मोह होतो, करू नका, तो फरकच तुम्हाला काहीतरी सांगतोय.

सिग्मा थर (तळाचा आकार धरून वरखाली होणारे थर) असतील तर अजून एक बघा, फाईलमधला आकडा खरंच डब्ल्यू आहे की ओमेगा. ओमेगा म्हणजे थराच्या सापेक्ष वेग, तो तळाशी आणि वर शून्यच असतो. खरा डब्ल्यू हवा तर त्यात थराच्या उतारावरून जाणारं यू-व्ही आणि थराचं स्वतःचं वरखाली होणं मिळवावं लागतं.

पावसाळ्यात खाडीत वर गोडं पाणी, खाली खारं, तेव्हा सिग्मामधे प्रेशर ग्रेडियंटची (आडव्या दिशेने दाब किती बदलतो त्याची) चूक डोकं वर काढते, कारण तिरक्या थरावर दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी होते. एक टेस्ट करा: वारा नाही, भरती नाही, घनतेचे थर एकदम आडवे, आणि मॉडेल काही दिवस चालवा. पाणी हललं तर तो सगळा वेग खोटा, आणि तुमच्या डब्ल्यूतला कचराही बऱ्यापैकी तिथूनच. तळ स्मूथ करून बघा.

आणि हो, वाशी पुलाच्या खांबापाशी पाणी खाली कसं घुसतं हे असल्या मॉडेलला विचारू नका. तिथे उभा वेग आडव्याच्या तोडीचा असतो, हायड्रोस्टॅटिक गृहीतक चालतं ते प्रवाहाची आडवी लांबी खोलीपेक्षा खूप जास्त असेल तरच. त्याला नॉन-हायड्रोस्टॅटिक सॉल्व्हर (उभं समीकरण पूर्ण सोडवणारा) लागतो, एमआयटीजीसीएम या समुद्राच्या मॉडेलमध्ये दोन्ही मोड आहेत, पण मग ग्रिडही खांबाएवढी बारीक लागेल आणि कॉम्प्युटर रात्रंदिवस तेच करत बसेल.