स्थानिक सेवाभावी संस्थांमुळे मुलांच्या आणि कुटुंबांच्या आयुष्यात खरंच फरक पडतो का?

हो, पडतो, आणि गडचिरोलीत तो मोजूनही झाला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. त्या बाळंतपणाला हजर राहायच्या आणि पुढचा महिनाभर घरी येऊन बाळाचं वजन, श्वास, अंगाची ऊब बघायच्या. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर आईबापांना विचारून इंजेक्शनही द्यायच्या. दवाखाना लांब असलेल्या घरासाठी हीच खरी मदत. हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावायची, तो आकडा तीनेक वर्षांत २५ च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत मात्र फारसा बदल नव्हता. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

पण हे दर संस्थेला लागू करू नका. ‘सर्च’ तिथे १९८६ पासून ठाण मांडून होती, आरोग्यदूतांवर सतत देखरेख होती. वर्षातून एकदा वह्या वाटून फोटो काढणाऱ्यांकडून (तेही चालू द्या, वह्या लागतातच) असा फरक पडत नाही. शिवाय संस्थेची पोहोच काही गावांपुरतीच. देशभर घरोघरी नवजात बाळं तपासायचं काम २०११ पासून सरकारने आशा सेविकांकडे दिलं, तेव्हा कुठे ते सगळीकडे जाऊ लागलं.