पोरगं दिवसभर फुटबॉलचे आकडे भरतंय, करू काय?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका आईनं लिहिलंय. मुलगा अकरावी सायन्सला, दहावीला गणितात ९४. जेईईचा क्लास लावलाय पण लक्ष नाही, रात्री बारा-बारापर्यंत फुटबॉलच्या यू-१७ (सतरा वर्षांखालच्या) वर्ल्ड कपचे १९८५ पासूनचे रेकॉर्ड लॅपटॉपवर भरत बसतो. वडील म्हणतात, आकडे मोजून पोट भरतंय काय. त्यात एका ऑनलाइन संस्थेनं 'स्पोर्ट्स ॲनालिटिक्स'च्या सर्टिफिकेटला पावणेदोन लाख सांगितलेत, भरावेत का? सोबत शीटची प्रिंट पाठवलीय.

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रापेक्षा ती प्रिंटच मी जास्त वेळ बघत बसलो, खरं सांगतो. आधी वाटलं नेहमीचंच असणार, इंटरनेटवरनं उचललेले तक्ते, कोण किती वेळा जिंकलं, नायजेरिया पाच वेळा, ब्राझील चार वेळा वगैरे. ते आहेच त्यात. पण १९८५, ८७ आणि ८९ या तीन ओळी त्यानं पिवळ्या केल्यात आणि बाजूला बारीक लिहिलंय, "तेव्हा यू-१६ होतं, १९९१ पासून यू-१७, एकत्र मोजू की नको?" ताई, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही ना? आकडे भरणारी पोरं मला आठवड्याला दोन भेटतात, बहुतेक क्रिकेटवाली. भरता भरता थांबून "हे एकात एक मिसळायचं का" असं विचारणारं वर्षातनं एखादंच येतं. त्या तीन पिवळ्या ओळींसाठी मी हे एवढं मोठं उत्तर लिहितोय.

आता मिस्टरांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचे नाहीत. नुसते रेकॉर्ड पाठ असणं याला बाजारात किंमत नाही, ते मोबाईल अर्ध्या सेकंदात सांगतो. पण रेकॉर्ड काय लपवतोय हे ज्याला दिसतं त्याला किंमत आहे, आणि ती फक्त फुटबॉलमध्ये नाही. त्याच्याच शीटमधनं दाखवतो म्हणजे जेवताना मिस्टरांना सांगता येईल.

त्यानं ठळक अक्षरात लिहिलंय, २०१७ ला भारतात झालेल्या यू-१७ वर्ल्ड कपला विक्रमी गर्दी, १३,४७,१३३ प्रेक्षक, १९८५ च्या चीनचा १२,३०,९७६ चा रेकॉर्ड मोडला. बरोबर आहे, तेव्हा पेपरातही हेच आलं होतं आणि आपल्या सगळ्यांची कॉलर टाइट झाली होती. पण चीनमध्ये मॅच झाल्या ३२ आणि आपल्याकडे ५२. भागाकार केला की चीनचे एका मॅचला ३८ हजारांच्या वर, आपले २६ हजारांच्या आतबाहेर. मग गर्दी कुठे जास्त होती? एकूण आकडाही खरा आणि सरासरीही खरी, पण स्टेडियम भाड्यानं देणारा आणि तिकीट विकणारा दोघं वेगवेगळा आकडा बघणार. हा भागाकार त्याच्या शीटमध्ये नाही, तिथं कॉलम घालायला सांगा.

दुसरं, हालांड, नॉर्वेचा आज जगभर गाजलेला गोल करणारा. २०१९ चा यू-२० वर्ल्ड कप पोलंडमध्ये होता, नॉर्वेनं होंडुरासला १२-० हरवलं आणि त्यात एकट्या हालांडचे ९. गोल्डन बूट, म्हणजे स्पर्धेत सगळ्यांत जास्त गोलचं बक्षीस, त्यालाच मिळालं. आणि तुमच्या मुलानं पुढे लिहिलंय "सरासरी ३ गोल प्रति मॅच". तीन मॅच, नऊ गोल, गणित चोख. पण बाकीच्या दोन मॅचमध्ये त्याचा गोलच नाही, दोन्ही मॅच नॉर्वे हरलं आणि गटातच घरी गेलं. म्हणजे सरासरी ३ आणि मधला आकडा, शाळेच्या पुस्तकात ज्याला मध्यक म्हणतात तो, शून्य! त्याला विचारा, उद्या तू कोच आहेस आणि पुढच्या मॅचला हा पोरगा किती गोल करेल असा अंदाज द्यायचाय तर कुठला आकडा देशील. उत्तर काहीही देऊ दे, अर्धा तास वाद घातला पाहिजे त्यानं. (हालांड पुढे काय झाला ते जगाला माहितीय, पण ती मॅच झाली त्या लुब्लिनला त्या दिवशी ते कुणाला माहीत होतं?)

तसंच कोट द'आयव्हरीचा कूलिबाली. २०११ ला मेक्सिकोत चार मॅचमध्ये ९ गोल. नायजेरियाच्या ओसिमेननं २०१५ ला चिलीत सात मॅचमध्ये १० केले आणि एका यू-१७ वर्ल्ड कपातल्या गोलचं रेकॉर्ड त्याच्या नावावर. मॅचमागे बघितलं तर कूलिबाली कितीतरी पुढे, पण नापोली क्लबला सिरी आ, म्हणजे इटलीची मोठी लीग, जिंकून देणारा झाला ओसिमेन. सोळाव्या-सतराव्या वर्षीच्या आकड्यावरनं पुढचं आयुष्य सांगता येत नाही, आणि हे वाक्य मी मिस्टरांसाठी पण लिहितोय, त्याचे जेईईच्या टेस्टचे मार्क डोळ्यापुढे ठेवून.

एक घरचा किस्सा सांगतो. मी मूळचा क्रिकेटवाला, फुटबॉलमधलं मला भाच्यानं शिकवलं. २५ ऑक्टोबर २०१७ ला तो मला नेरुळला डी. वाय. पाटीलवर घेऊन गेला, स्पेन विरुद्ध माली, सेमीफायनल. माली दोन गोलनं मागे होती आणि त्यांच्या डुकुरेनं लांबून असा काही फटका मारला की बॉल वरच्या दांड्याला लागून खाली आपटला, लाइनच्या आत. आमच्या आजूबाजूची सगळी उभी राहिली. रेफ्रीनं गोल दिला नाही, कारण त्यांना दिसला नाही. निकाल ३-१. तुमच्या मुलाच्या शीटमध्ये पण ३-१ च आहे आणि तेच असायला पाहिजे, पण आकडा म्हणजे जे घडलं ते नव्हे तर कुणीतरी जे नोंदवलं ते, हे मला तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कळलं. माझा भाचा आज पुण्यात एका इन्शुरन्स कंपनीत क्लेमचे आकडे तपासतो, आणि काम हेच, कोणी नोंदवलं, कसं नोंदवलं.

वयाचं तर विचारूच नका. यू-१७ म्हटलं की वय आलं आणि वय म्हटलं की कागद आले. २००९ पासून फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, या स्पर्धेत मनगटाचा एमआरआय काढून वय तपासायला लागली, कारण जन्मतारखा खोट्या निघायच्या. आपल्याकडे काय वेगळं आहे, निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला, गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेला. मुलाला सांगा, एखाद्या वर्षाच्या सगळ्या टीमच्या जन्मतारखा घे आणि महिन्यावार मोज. जानेवारी-फेब्रुवारी-मार्चवाले जास्त आणि डिसेंबरवाले कमी सापडायची शक्यता दाट, कारण वयाची रेघ १ जानेवारीला आखलेली असते आणि त्या वयात दहा-अकरा महिन्यांनी मोठं पोर अंगानं भारी असतं, म्हणून तेच निवडलं जातं. पण सापडलेलं किती खरं आणि किती कागदाचा खेळ, हे तपासणं म्हणजे स्टॅटिस्टिक्स. बाकी बेरीज-वजाबाकी एक्सेल करतं.

आता पैशाचं. पावणेदोन लाख भरू नका. स्पष्टच सांगतो, त्या ब्रोशरमध्ये जे शिकवतो म्हटलंय, एक्सेल, थोडं पायथन (कोडिंगची भाषा), थोडे चार्ट, ते सगळं घरबसल्या फुकट शिकता येतं, आणि अकरावीच्या पोराला सर्टिफिकेट बघून कुठला क्लब घेणार आहे? शिवाय आपल्याकडे क्लबांची संख्या किती ती बघा. आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, डझनभर क्लब, एकेका क्लबात ॲनालिस्ट एक नाहीतर दोन, आणि २०२५ ला तर लीग चालवायचा करार अडकला म्हणून लीगच वेळेवर सुरू झाली नाही, म्हणजे पगारवाले पण टांगणीला. फक्त याच एका दारावर पोराला उभं करायचं नाही. मॅचचा व्हिडिओ बघून एकेक पास, एकेक टॅकल नोंदवायची कामं पण असतात, एका मॅचला तीन हजारांच्या वर नोंदी होतात, उमेदवारी म्हणून ठीक आहे, पोट त्यावर नको.

मग काय करायचं, तर डिग्री स्टॅटिस्टिक्सची आणि खेळ म्हणून फुटबॉल. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं बी.स्टॅट. हे वरचं टोक, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते, फक्त गणित पण विचार करायला लावणारं, आतापर्यंत तरी फी नाममात्र आणि वर स्टायपेंड. जेईईच्या क्लासमधलं गणित तिथंही उपयोगी पडतं म्हणून क्लास लगेच सोडू नका, फिजिक्स-केमिस्ट्रीवर जीव काढायचं मात्र कमी करा. ते नाही जमलं तर पुण्यात फर्ग्युसनला बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स आहे, आणि पुढं एम.एस्सी. करायला तुमच्या घरापासून रिक्षानं जाता येईल असं शिवाजी विद्यापीठ आहेच, तिथला स्टॅटिस्टिक्सचा विभाग चांगला मानतात. ही डिग्री असली की बँक, इन्शुरन्स, औषध कंपन्या, आयटी, कुठंही चालते आणि फुटबॉलचं दार उघडलंच तर आत जायला पण तीच लागते.

फुकटचा माल कुठे आहे ते त्याला सांगा. स्टॅट्सबॉम्ब नावाच्या कंपनीनं बऱ्याच मॅचचा पास-पासचा डेटा गिटहब या वेबसाइटवर मोकळा ठेवलाय, त्यात आयएसएलचा २०२१-२२ चा सीझन पण आहे, तोच जो कोविडमुळे सगळा गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोला खेळला गेला. होम ग्राउंडच नसताना होम टीमचं काय झालं, एवढा एक प्रश्न घेऊन बसला तरी सुट्टी संपेल.

पण माझ्या मनातलं काम वेगळंच आहे. फिफाचे रेकॉर्ड जगात हजार जणांनी भरलेत, त्यात हा हजार एकावा. तुम्ही राहता कुठे तर शाहू स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर! पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार या तुमच्याच गावच्या टीम, पेठापेठांची एवढी खुन्नस, एवढी गर्दी, आणि गोल सोडून बाकी काय घडलं याची पद्धतशीर नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यानं एक वही घ्यावी, गॅलरीत बसावं, कुठल्या टीमनं कितव्या मिनिटाला कुठून शॉट मारला, कॉर्नर किती, पिवळं कार्ड कुणाला, एवढंच एक सीझनभर लिहावं. शेजारचं पब्लिक बोंबलत असताना लिहिणं अवघड जातं, पहिल्या दोन मॅचचं रद्दीत जाईल, जाऊ दे. शक्यतो मित्राला बरोबर न्या म्हणावं, दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि घरी येऊन जुळवायचं, किती ठिकाणी फरक पडला तो फरक पण लिहून ठेवायचा. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ ला भारताकडनं यू-१७ वर्ल्ड कप खेळला, पण त्याच्या लहानपणच्या पेठेतल्या मॅचच्या अशा नोंदी आज कुणाकडे मागायच्या? पुढचा अनिकेत आत्ता कुठल्यातरी तालमीकडनं खेळत असेल, त्याच्या तरी राहू देत.

अकरावीचा अभ्यास सांभाळून आठवड्याला एक मॅच, एवढं मिस्टरांकडनं मंजूर करून घ्या. रात्री बारापर्यंत लॅपटॉपवर बसणं मात्र बंद, त्याबाबतीत मी त्यांच्या बाजूचा.

आणि प्रिंटच्या मागं त्यानं पेननं लिहिलंय, "सर, टीमचे गोल आणि प्लेअरचे गोल यांची बेरीज जुळत नाही, चार वेळा केली." बाळा, जुळणार नाही. २०२२ ची मुलींची यू-१७ फायनल बघ, नवी मुंबईलाच झाली, स्पेन १, कोलंबिया ०. त्या ओळीत स्कोअररचा रकाना तू कोरा ठेवलायस, कारण तो गोल कोलंबियाच्याच डिफेंडरकडनं झालेला ओन गोल होता. तो स्पेनच्या खात्यात जातो पण स्पेनच्या कुठल्याच मुलीच्या खात्यात जात नाही. ओन गोलसाठी वेगळा कॉलम कर, पेनल्टी शूटआउटचे गोल कुठं चुकून धरलेत का तेही बघ, आणि परत बेरीज मार. तरीही फरक राहिला तर कुठल्या वर्षाच्या ओळीत राहिला तेवढं आईच्या मेलवरनं कळव.