एन्क्रोच म्हणजे अतिक्रमण नव्हे, बांध कोरणं

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय की शेजाऱ्यानं दोन घरांमधल्या सामाईक बोळात लोखंडी जिना उतरवलाय, महापालिकेला इंग्रजीत अर्ज द्यायचाय, तर ट्रेसपास लिहू, एन्क्रोच लिहू, इन्फ्रिंज लिहू की व्हायोलेट, का सगळं एकच? मुलानं लिहून दिलेलं वाक्यही त्यांनी पाठवलंय, 'माय नेबर हॅज ट्रेसपास्ड माय पॅसेज'.

सगळं एकच नाही हो ताई! हे 'सगळं एकच' ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. स्पर्धा परीक्षेची गाइडं तर चारही शब्दांपुढं 'अतिक्रमण' छापून मोकळी होतात आणि पोरं तेच पाठ करून येतात.

ट्रेसपास पटकन उरकतो. त्यात माणूस स्वतः दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवतो. रेल्वेचे रूळ ओलांडणारा ट्रेसपास करतो, 1989 च्या रेल्वे कायद्यातलं कलम 147 त्याच्यासाठीच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ह्याचा अर्थ नुसता 'पलीकडं जाणं', आणि आजच्या फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा भाऊ 'त्रेपा' म्हणजे मरण, आपण नाही का म्हणत पैलतीरी गेले. तर शेजारी तुमच्या अंगणात येऊन उभा राहिला तर ट्रेसपास म्हणा, पण तो जिना काय चालत आलेला नाही.

इन्फ्रिंजवर मात्र मला भांडायचंय. आमच्याकडं एक क्लासवाले सर वर्षानुवर्षं शिकवतात की फ्रिंज म्हणजे टॉवेलच्या टोकाला असतात त्या दशा, कापडाचा काठ, म्हणून इन्फ्रिंज म्हणजे दुसऱ्याच्या काठाच्या आत शिरणं. सोलापुरात टॉवेलचं उदाहरण लगेच डोक्यात बसतं म्हणून पोरांनाही ते पटतं, पण ते साफ चूक आहे, लक्षात राहायला सोपं असलं म्हणून चुकीचं शिकवायचं का? फ्रिंज आला लॅटिन फिम्ब्रियावरून, इन्फ्रिंज आला फ्रांगेरे म्हणजे मोडणं ह्या धातूवरून, फ्रॅक्चर आणि फ्रॅक्शनच्या घरातला. हाड मोडलं की फ्रॅक्चर, कुणाचा हक्क मोडला की इन्फ्रिंज. आपला 'भंग' तोच. आणि भंग काय असतो हे सोलापूरला कुणी शिकवायला नको, 1930 च्या कायदेभंगात ह्या गावावर मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला आपले चार हुतात्मे फासावर गेले. त्या चळवळीचं इंग्रजी नाव डिसओबीडियन्स, त्याच्या पोटात लॅटिनमधलं 'ऐकणं' आहे, म्हणजे इंग्रजी नुसतं 'न ऐकणं' म्हणते आणि मराठीनं सरळ 'मोडणं' म्हटलं. मला मराठी शब्द जास्त खरा वाटतो.

आता एन्क्रोच, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो. ह्या शब्दात पाऊल नाहीच, आकडा आहे! जुन्या फ्रेंचमध्ये 'क्रोक' म्हणजे आकडा, त्यावरून एन्क्रोच, म्हणजे आकडा घालून ओढून घेणं. आजी ज्या सुईनं रुमाल विणायची ती क्रोशाची सुई म्हणजे 'छोटा आकडा', ती ह्याची सख्खी बहीण. चौदाव्या शतकात इंग्लंडात राजाची सत्ता स्वतःकडं ओढणाऱ्यावर आरोप ठेवायचे तो 'ॲक्रोच' केल्याचा, म्हणजे तिथंही आकडाच. आणि आपल्याकडं तारेवरून वीज चोरली तर काय म्हणतो आपण, आकडा टाकला! मूळ फ्रेंच, इंग्लंडातला राजदरबार आणि आपल्या गल्लीतला विजेचा खांब, तिन्हीकडं एकच चित्र, मला तर हे कळलं त्या दिवशी जेवणसुद्धा सुचलं नाही इतका आनंद झाला.

बाजारात बघा की, दुकानदार पहिल्या दिवशी रस्ता खात नाही. आधी समोरच्या खांबाला तारेचा आकडा अडकवून ताडपत्री ताणतो, मग तिच्या सावलीत एक टेबल येतं, टेबलाखाली फरशी, फरशीवर कट्टा, आणि दोन वर्षांनी शटर चार फूट पुढं. हा हळूहळूपणा म्हणजेच एन्क्रोच. ह्याला मराठी शब्द नाही म्हणणाऱ्यांनी मोहोळ-मंगळवेढ्याकडं जाऊन कुणाही शेतकऱ्याला विचारावं, तो सांगेल 'दरसाल बांध कोरलालाय'. बांध कोरणं! नांगरताना दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधाकडं जास्त घ्यायचं, ज्या बांधावरून बैलगाडी जायची तिथं शेवटी एकामागं एक चालावं लागतं, आणि कुठल्या वर्षी गेला ते कुणाला सांगता येत नाही. एन्क्रोचला ह्याच्यापेक्षा नेमका शब्द मी अजून ऐकलेला नाही. शहरात 'जागा दाबली' म्हणतात, तेही चांगलंच आहे.

मग अतिक्रमण काय? त्यात क्रम म्हणजे पाऊल आहे, पराक्रम, परिक्रमा, संक्रमण ह्यांच्यातलं. अति-क्रम, पाऊल पलीकडं पडलं. त्याचा जुळा भाऊ ट्रान्सग्रेस, लॅटिनमध्येही ट्रान्स म्हणजे पलीकडं आणि ग्रेस हे पाऊल, प्रोग्रेसमधलं. जोडी इतकी चपखल असताना आपण अतिक्रमण नेऊन बांधलं एन्क्रोचला, आणि आता तर कृतीचं नावच वस्तूला दिलंय, 'अतिक्रमण पाडलं' म्हणतात. पाऊल कसं पाडणार जेसीबीनं? सरकारी भाषेत ते रुळलं हे मान्य, पण चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. उल्लंघन पुन्हा वेगळं, त्यात उडी आहे, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून आपण सोनं वाटतो, म्हणजे हद्द ओलांडणं दरवेळी पापच असतं असं मराठी मानत नाही.

तर ताई, अर्जात एन्क्रोच लिहा आणि पुढं 'अपॉन' विसरू नका, 'हॅज एन्क्रोच्ड अपॉन द कॉमन पॅसेज'. परवानगी न घेता बांधला असेल तर दुसऱ्या वाक्यात बांधकाम नियमांचं व्हायोलेशन झालंय म्हणा, व्हायोलेट तिथं शोभतो. आणि टेप लावून जिना बोळात किती फूट किती इंच आलाय ते मोजून आकड्यात लिहा, सोबत आजच्या तारखेचा फोटो लावा, कारण पुढच्या वर्षी तो अजून सहा इंच पुढं आला तर दाखवायला काहीतरी हातात पाहिजे.